श्रीरामपूरचे सामाईक बिऱ्हाड

परदेशी जाऊन धर्मप्रसार करणाऱ्यांपुढे दोन कामे असतात. पहिले, तिथल्या अनोळखी लोकांना प्रेमाची शिकवण देणे. दुसरे, बरोबर आलेल्या ओळखीच्या लोकांशी जमवून घेणे. मिशनरी संस्थांचे छापील अहवाल पहिल्या कामाने भरलेले असतात. दुसऱ्याची हकिकत रोजनिशीत आणि घरी धाडलेल्या पत्रांत शोधावी लागते. पैकी दुसरे अधिक अवघड असावे. अनोळखी माणूस प्रवचन ऐकतो, मान डोलावतो आणि आपल्या वाटेने जातो. सहकारी जात नाही. तो रात्री पलीकडच्या खोलीत खोकतो, सकाळी आपल्या आधी न्हाणीघरात शिरतो आणि वर हसतमुखाने ‘सुप्रभात, ब्रदर’ म्हणतो.

या दुसऱ्या कामाचा एक दीर्घ प्रयोग बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०० साली सुरू झाला. नगर जिल्ह्यातले, उसाच्या पट्ट्यातले श्रीरामपूर ते हे नव्हे. हे हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या वरच्या अंगाला जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे आणि त्या काळी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा इंग्रज बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी तिथे बायकामुलांसह एकत्र बिऱ्हाड थाटले. ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ ही म्हण त्यांच्या कानावर पडली नसावी. वॉर्ड वारेपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, या तिघांची चूल एक आणि तिजोरीही एकच राहिली.

तिघांपैकी कॅरी आधी आलेले. मूळचा धंदा चांभारकीचा, छंद झाडांचा आणि व्यसन भाषांचे. १७९३ साली ते जॉन थॉमस नावाच्या डॉक्टरांबरोबर निघाले. थॉमस मनाचे उदार होते आणि उदार माणसाला असते तसे त्यांना कर्ज होते. सावकार मागे लागलेले, ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही. तेव्हा इंग्रजी जहाजावरून उतरून मंडळींना डॅनिश जहाज धरावे लागले. कॅरी यांच्या पत्नी डोरोथी यांचा हिंदुस्थानात यायला साफ नकार होता. बहीण सोबत येत असेल तर येते, या अटीवर त्या निघाल्या. परदेशी मोहिमेतली संगतीची गरज इतक्या स्पष्टपणे त्या काळात दुसऱ्या कोणी मांडलेली नाही. पुढे १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यांच्या मनाचा तोल ढळला तो कायमचा. त्याच अवस्थेत त्या १८०७ पर्यंत जगल्या. श्रीरामपूरच्या घरातल्या हास्यविनोदाच्या हकिकती वाचताना आतल्या एका खोलीचे हे दुःख विसरता येत नाही, आणि त्या घरातल्या माणसांनाही ते विसरता येत नव्हते.

दुसरी तुकडी ऑक्टोबर १७९९ मध्ये ‘क्रायटेरियन’ या अमेरिकन जहाजाने आली. तिच्यात मार्शमन दांपत्य, वॉर्ड, आणि ब्रन्सडन व ग्रँट ही आणखी दोन कुटुंबे होती. कोलकात्याच्या एका वर्तमानपत्राने बातमी छापताना ‘बाप्टिस्ट’ऐवजी ‘पेपिस्ट’, म्हणजे पोपचे अनुयायी, असे छापले. इंग्लंडची फ्रान्सशी लढाई जुंपलेली. पोपचे पाद्री म्हणजे फ्रेंचांचे हेर, असा सरकारने हिशेब केला आणि आधी या लोकांना परत पाठवा, असे जहाजाच्या कप्तानाला बजावले. कोणत्याही बाप्टिस्टाला पोपचा माणूस म्हणण्याइतका मोठा अपमान दुसरा नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता. मंडळी होड्यांतून श्रीरामपूरला पोहोचली होती आणि तिथले डॅनिश गव्हर्नर कर्नल बी यांनी त्यांना आसरा दिला. वॉर्ड स्वतः छापखान्यातले आणि वर्तमानपत्रातले; खिळा जुळवताना झालेल्या चुकीची किंमत त्यांना तरी समजावून सांगायला नको होती.

मग वॉर्ड उत्तरेला, कॅरी नीळ कारखाना सांभाळत होते तिकडे, त्यांना आणायला गेले. सहा-सात वर्षांनी भेट. घराजवळ येताना वॉर्ड यांचे काळीज धडधडत होते, असे ते स्वतःच लिहितात. आणि भेटीनंतर रोजनिशीत पहिली नोंद काय? कॅरी फारसे बदललेले नाहीत, मात्र इंग्लंडात होते त्याहून अंगाने जरा भरले आहेत. मैत्रीच्या इतिहासात हे वाक्य जपून ठेवण्यासारखे आहे. जुना मित्र भेटला की माणूस आधी त्याचे पोट पाहतो, आत्म्याची विचारपूस नंतर.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी श्रीरामपूरला आले आणि लगेच घराचा प्रश्न आला. नदीकाठचे एक मोठे घर सहा हजार रुपयांना मिळत होते. किंमत ऐकून सगळे हबकले. पण चार वर्षांचे भाडे तेवढेच होईल असे गणित कोणीतरी मांडले आणि घर विकत घेतले गेले. भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, या सिद्धांतावर सदाशिव पेठ आणि बाप्टिस्ट मिशन यांचे एकमत आहे.

या घरात दहा मोठी माणसे आणि मुलांचे लेंढार राहायला आले. ग्रँट तर बंगालच्या भूमीवर पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारले होते. त्यांची विधवा आणि मुले होती. कॅरी यांची चार मुले म्हणजे बंगालच्या रानात उंडारलेले घोडे. आधीच आलेले जॉन फाउंटन होते, त्यांची नवी पत्नी होती. वॉर्ड तेवढे सडे. जहाजावर पाच महिने काढल्याने काहींना काहींचे स्वभाव ठाऊक झालेले, बाकीच्यांचे व्हायचे होते.

नव्याचे नऊ दिवस संपायच्या आतच त्यांनी नियम केले, हे या मंडळींचे खरे शहाणपण. प्रवचन आणि प्रार्थना आळीपाळीने. घराचा कारभार एकेकाने एकेक महिना पाहायचा. कॅरी खजिनदार, आणि औषधांची पेटीही त्यांच्याच ताब्यात. फाउंटन ग्रंथपाल. खासगी व्यापार कोणी करायचा नाही. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवण्यासाठी आणि एकमेकांवर प्रेम करण्याचे वचन पुन्हा देण्यासाठी राखून ठेवायची.

महिन्याच्या कारभाराची कल्पना साधी दिसते, पण तिच्यात खोल कावा आहे. एकत्र राहणाऱ्या माणसांत जेवणावर टीका करणारा एक असतोच. सामाईक चुलीत त्याला गप्प करण्याचा एकच उपाय, पुढच्या महिन्याची किल्ली त्याच्या हाती देणे. ज्याने मीठ कमी म्हटले, त्याला एकतीस दिवस बाजारहाट करू द्यावी, नोकरांचा हिशेब ठेवू द्यावा, तांदळाचे भाव ऐकू द्यावेत. महिनाअखेरीस त्याला कोणतेही मीठ पुरेसे वाटू लागते. खजिना आणि औषधे एकाच माणसाकडे देण्यातही सोय होती: बिल पाहून ज्याच्या छातीत कळ येईल, त्याला थेंबही तिथेच मिळत.

घराचा दिनक्रम वॉर्ड यांनी लिहून ठेवला आहे. सहाच्या सुमारास उठणे. कॅरी बागेत, मार्शमन सातला शाळेत, वॉर्ड, ब्रन्सडन आणि कॅरींचा थोरला फेलिक्स छापखान्यात. आठला घंटा, सगळ्यांनी दिवाणखान्यात जमून गायचे, वाचायचे, प्रार्थना करायची. मग न्याहारी. आधी विठोबा मग पोटोबा, असा हा क्रम. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तर न्याहारीपूर्वी दोन तास प्रार्थना. पोटाची पारख तिथे होत असावी. त्यानंतर कॅरी भाषांतरात नाहीतर मुद्रितांत डोके घालत, बाकीचे शाळेत आणि छापखान्यात.

बाराला फराळ. फराळानंतर दाढी, आंघोळ, थोडे वाचन आणि झोप. तीनला जेवण. मराठी वाचकाला इथे थांबावेसे वाटेल. इंग्रज माणूस फराळानंतर दाढी करतो, दाढीनंतर आंघोळ करतो, आंघोळीनंतर झोपतो आणि झोपेतून उठून जेवतो. पण जेवणाआधी आंघोळ हवी हे तत्त्व त्यांनी पाळलेले आहे. मधे फक्त डुलकी घातली. बंगालच्या उन्हाने आठ महिन्यांत इंग्लंडच्या शिस्तीला वामकुक्षी शिकवली, आणि त्याबद्दल कोणाला पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही.

तीनच्या जेवणानंतर मात्र शिक्षा होती. बायबलमधले एखादे वचन किंवा प्रश्न घेऊन त्यावर विचार मांडायचे. हा कार्यक्रम फार लाभदायक असतो, असे वॉर्ड लिहितात. रोजनिशी लिहिणाऱ्याचे मत टिकते. समोर बसून जांभई गिळणाऱ्याचे टिकत नाही. मार्शमन पतिपत्नी तर दोन वाजून गेल्यावर शाळेतून येत, त्यांना झोपही मिळत नसे. सातच्या सुमारास चहा. रात्रीचे जेवण नावापुरते किंवा नाहीच. गुरुवारी संध्याकाळी आध्यात्मिक अनुभव सांगण्याची सभा आणि शनिवारी ती सुप्रसिद्ध बैठक.

या शनिवारच्या बैठकीकडे जरा नीट पाहायला हवे. चहा, मग प्रार्थना, मग मतभेदांचा निपटारा आणि कामकाज, असा तिचा क्रम. समजा, रविवारी एका ब्रदरने दुसऱ्या ब्रदरचे पुस्तक न विचारता नेले. एरवी घरात दहा मिनिटांत भांड्याला भांडे लागले असते. पण इथे तक्रारीला मुहूर्त शनिवारचा. सोमवारी राग ताजा असतो. बुधवारी तो शिळा होतो. गुरुवारी सगळ्यांसमोर आपला आध्यात्मिक अनुभव सांगायचा, आणि पोटात पुस्तकाचा राग ठेवून तो सांगणे जड जाते. शनिवारपर्यंत ती तक्रार इतकी लहान झालेली असते की नऊ माणसांसमोर, प्रार्थना नुकतीच संपली असताना, ‘माझे पुस्तक’ असे म्हणायला मोठे धैर्य लागते. शिवाय पुस्तक ‘माझे’ नाहीच; सगळे सामाईक, आणि ग्रंथपाल फाउंटन. तक्रार तिथेच निकालात. दिवाणी कोर्टांनी तारखा देऊन जे साधले, ते या लोकांनी आठवड्याचा वार ठरवून साधले.

ज्या भांडणांना एवढ्याने औषध लागू पडत नव्हते, ती वर्षानुवर्षे चालली. बाप्टिस्ट नसलेल्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनाच्या पंक्तीत बसू द्यावे की नाही, यावर घरात खल होता. वॉर्ड बसू द्यावे या मताचे. १८०५ साली पंक्तीचे दार उघडले, १८११ साली इंग्लंडहून, त्यांना धाडणाऱ्या मिशनरी सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांची पत्रे आल्यावर ते पुन्हा लावले. वॉर्ड हरले, पण रुसून वेगळे निघाले नाहीत. पंक्तीतला तंटा काय असतो हे हिंदुस्थानात कोणाला सांगायला नको. याच घराच्या टेबलाशी २२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल हा सुतार आणि गोकुल हा त्याचा सोबती मिशनऱ्यांबरोबर जेवले, आणि सगळ्या गावात खळबळ उडाली. पाल घाटावर घसरला, खांदा निखळला, तो डॉक्टर थॉमस यांनी बसवला, तिथून ओळख. प्रवचनांनी सात वर्षे जे घडले नव्हते ते एका जेवणाने घडले. जातीला बाट लागला तो शब्दाने लागला नाही, घासाने लागला.

पैशाची व्यवस्था हा या संसाराचा कणा. १८०१ मध्ये कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागले, पगार दरमहा पाचशे रुपये, पुढे हजार. मार्शमन पतिपत्नींची निवासी शाळा मे १८०० पासून चाललेली, तिचेही उत्पन्न चांगले. वॉर्ड यांचा छापखाना कमाऊ. म्हणजे घरात तीन मिळवते. पण सगळा पैसा एका पेटीत जाई आणि प्रत्येक कुटुंबाला हातखर्चाला थोडी रक्कम मिळे. कॅरी यांना त्यावर थोडी जास्त, कारण कॉलेजात आणि गव्हर्नर जनरलच्या वाड्यावर जाताना कपडे बरे लागत. हजार रुपये मिळवणाऱ्या माणसाला कोटासाठी घरच्यांकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, हे दृश्य ज्यांनी एकत्र कुटुंबात पगाराचे पाकीट थोरल्यांच्या हाती ठेवले आहे त्यांना परके वाटू नये. त्या चांगल्या कोटातल्या कॅरींबद्दल एक गोष्ट सांगतात. बराकपूरला गव्हर्नर जनरलकडे मेजवानी होती. एका लष्करी अधिकाऱ्याने शेजाऱ्याला हळूच विचारले, हे कॅरी पूर्वी जोडे बनवीत होते ना? कॅरींनी ऐकले आणि दुरुस्ती केली: बनवीत नव्हतो, नुसते दुरुस्त करीत होतो.

१८०५ च्या ऑक्टोबरात त्यांनी आपला करारनामा लिहून काढला. वर्षातून तीनदा तो प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायचा असे ठरले. ज्या दिवशी कोणी स्वतःसाठी म्हणून गाठीला बांधू लागेल त्या दिवशी घरात भांडण आणि दुही शिरेल, असा त्याचा आशय. करारनामा एकदा सही करून कपाटात ठेवण्याची चाल सगळीकडे आहे. तो वर्षातून तीनदा सगळ्यांना ऐकवायचा म्हणजे माणसांच्या स्मरणशक्तीचा नेमका अंदाज लिहिणाऱ्यांना होता.

स्वभाव तिघांचे तीन. कॅरींना ‘नाही’ म्हणता येत नसे आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक होते. मार्शमन चिवट, वादाला एका पायावर तयार. फिरायला गेले असता चार माणसे बोलत उभी दिसली की ते ससाण्याने सावज हेरावे तसे त्यांच्याकडे पाहतात, असे कॅरींनीच लिहिले आहे. ज्याच्याबरोबर फिरायला गेले की घरी परतायला अंधार होतो, असा मित्र सगळ्यांनाच असतो. वॉर्ड मधले, दोघांचे ऐकणारे. कॅरींच्या मुलांना शिस्त लावायचे काम वडिलांकडून होणार नव्हते, कारण शिस्त म्हणजे ‘नाही’ म्हणणे. ते मार्शमन यांनी आणि विशेषतः वॉर्ड यांनी केले. फेलिक्सला त्यांनी खिळ्यांच्या पेटीशी उभे केले आणि पोरगा माणसात आला.

पुढे फेलिक्स मिशनरी म्हणून ब्रह्मदेशात गेला आणि तिथल्या राजाचा वकील झाला. दुसऱ्या कोणाच्या घरी पेढे वाटले असते. कॅरींना मात्र मुलगा मिशनऱ्याचा आकसून वकील झाल्यासारखे वाटले. नोकरी गेली, फेलिक्स पूर्वेकडे भटकत राहिला आणि अखेर १८१८ च्या सुमारास त्याला समजावून घरी आणले ते वॉर्ड यांनीच. दुसऱ्याच्या मुलाला बोलण्याचा हक्क फार थोड्या मित्रांना मिळतो, आणि तो वापरून मैत्री टिकवणारे त्याहून थोडे.

अहवालांत नावे तीन पुरुषांची येतात. घर चालवीत होत्या हॅना मार्शमन. मासिक कारभाऱ्यांची फेरी कागदावर चालू असेना का. शाळेतल्या मुलांचे जेवण, कॅरींच्या पोरांचे कपडे, आजारी माणसांची उशापायथ्याची सेवा आणि वेळी-अवेळी आलेले पाहुणे हॅनाबाईंच्या वाट्याला. पाहुणे तर सतत. आणि माणसेही सतत जात होती: ऑगस्ट १८०० मध्ये फाउंटन, पुढच्या वर्षी ब्रन्सडन आणि थॉमस. वॉर्ड यांनी १८०२ साली फाउंटन यांच्या विधवेशी लग्न केले. माणसे एकमेकांच्या मागे राहिलेल्यांना धरून ठेवीत होती, त्याला ते ‘मिशन फॅमिली’ म्हणत.

याच घरात मराठीचेही एक दालन होते. कॅरी कॉलेजात बंगालीबरोबर मराठीही शिकवू लागले आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली त्यांनी इंग्रजीतून मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली मोडी अक्षरांत मराठी-इंग्रजी कोश. मराठीचा असा कोश पुण्याला नाही, मुंबईला नाही, हुगळीच्या काठी छापला जावा. तोही एका चांभाराने, एका बंगाली लोहाराच्या घराण्यातील कारागिरांनी पाडलेल्या खिळ्यांवर, डेन्मार्कच्या निशाणाखाली. मार्शमन तोवर शेजारच्या खोलीत चिनी भाषेला लागले होते. जेवणाच्या टेबलावर कोण कोणत्या भाषेत स्वतःशी पुटपुटत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. वॉर्ड यांनी सगळी दारेखिडक्या बंद करून, छपरातून पाणी ओतून ती तासन्‌तास कोंडून धरली. मग घाबरून कोणीतरी एक खिडकी उघडली आणि वारा आत शिरून सगळे पेटले. कागद, अनेक लिप्यांचे खिळे, कॅरींची हस्तलिखिते, सगळे गेले. कॅरी कोलकात्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन ही बातमी सांगायला गेले. वादात कोणाला न हटणाऱ्या माणसाला त्या दिवशी शब्द शोधावे लागले असतील. ढिगाऱ्यात खिळे पाडण्याचे पोलादी ठसे शाबूत सापडले आणि काम पुन्हा उभे राहिले. इतकी वर्षे उलटली, इतकी चरित्रे निघाली, पण खिडकी उघडणाऱ्याचे नाव त्यांत ‘कोणीतरी’ असेच आहे. शनिवारच्या बैठकीचे याहून मोठे यश दाखवता येणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेहून पाहुणे आले. अडोनिराम जडसन हे तरुण मिशनरी लहान बाळांना बाप्तिस्मा द्यावा या पंथाचे; बाप्टिस्टांना नेमके तेच अमान्य. आपल्याला श्रीरामपूरच्या बाप्टिस्टांशी गाठ घालायची आहे, ते वाद घालतील, तेव्हा तयारी हवी, म्हणून त्यांनी जहाजावर मुद्दे काढायला घेतले आणि मुद्दे काढता काढता स्वतःच विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाले. यजमानांनी तोंडही उघडले नव्हते. ६ सप्टेंबरला वॉर्ड यांनीच कोलकात्यात त्यांना बाप्तिस्मा दिला. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या जहाजाने आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मताला चिकटून राहिले. सरकार हद्दपार करणार असे दिसताच ते मुंबईकडे निसटले, फेब्रुवारी १८१३ मध्ये पोहोचले आणि तिथून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले.

श्रीरामपूरच्या घराला तडा गेला तो शत्रूने घातला नाही, आपल्याच माणसांनी घातला. इंग्लंडहून तरुण मिशनरी येऊ लागले होते. त्यांत कॅरींचे सख्खे पुतणे युस्टेस होते. या मुलांनी ग्रँटचा मृत्यू पाहिला नव्हता, दहा माणसांची अडचण सोसली नव्हती. त्यांना दिसले ते तीन वयस्क गृहस्थ, जे सगळे आधीच ठरवून मोकळे होतात, आणि त्यांतले एक, मार्शमन, फार ठरवतात. म्हाताऱ्यांना दिसली ती पोरे, जी आल्या दिवसापासून हिशेब विचारतात. ब्रदर म्हटले की भाऊबंदकी ओघाने आलीच. १८१७ च्या सुमारास तरुणांनी कोलकात्यात वेगळी चूल मांडली आणि तिथे दुसरा छापखाना उभा राहिला. फुलर १८१५ मध्ये वारल्यावर लंडनच्या नव्या कमिटीने मालमत्तेचा प्रश्न काढला: घर, छापखाना, जमीन कोणाची? ज्यांनी कधी ‘माझे’ म्हटले नव्हते त्यांना आता ‘आमचे’ म्हणजे कोणाचे हे सिद्ध करावे लागले. पत्र जायला सहा महिने, उत्तर यायला सहा. शनिवारची युक्ती इथे चालेना. राग शिळा होण्याऐवजी टपालात मुरून अधिक आंबट होऊन येई. मार्शमन समजूत काढायला स्वतः इंग्लंडला गेले. समजूत काढण्यासाठी घरातला सर्वांत वादपटू माणूस धाडणे यात काय चुकले ते पुढे कळलेच. १८२७ साली श्रीरामपूर आणि लंडन वेगळे झाले.

त्याआधीच वॉर्ड गेले होते. ७ मार्च १८२३, पटकी. एका दिवसात कारभार आटोपला. मधला माणूस गेला आणि उरलेल्या दोघांनी आणखी अकरा वर्षे काढली. १८३० च्या सुमारास कोलकात्याच्या व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि सामाईक पेटीला ओहोटी लागली.

कॅरींच्या शेवटच्या आजारातली एक हकिकत मार्शमन यांच्या मुलाने लिहून ठेवली आहे. ते खाटेवर पडून होते आणि चिंता एकच, बागेची. पाच एकरांची ती बाग, सकाळी सहाला उठून जोपासलेली. मार्शमन यांना फुलझाडांत काडीचा रस नाही हे तीस वर्षे पाहिलेले. मी गेलो की ब्रदर मार्शमन माझ्या बागेत गाई सोडतील, असे कॅरी म्हणाले. मार्शमन यांनी ताबडतोब उत्तर दिले: मला तुमच्यासारखी वनस्पतींची आवड नाही हे खरे, पण तुम्हाला इतका आनंद देणारी बाग राखणे मी पवित्र कर्तव्य मानीन. दोन विद्वानांनी मिळून कितीतरी भाषांत बायबल नेले, आणि अखेरचा तंटा गाईंवर आला. तोही मार्शमन यांनी पहिल्यांदाच वाद न घालता मिटवला.

कॅरी ९ जून १८३४ रोजी वारले, मार्शमन ५ डिसेंबर १८३७ रोजी. लंडनशी समेट झाला तोही त्याच डिसेंबरात, म्हणजे ज्यांच्याशी भांडण होते त्या तिघांपैकी एकही सही करायला उरला नव्हता तेव्हा. हॅनाबाई १८४७ पर्यंत होत्या. मधे, १८४५ साली, डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांना विकून टाकले, आणि ज्या सरकारला चुकवून त्या एका पहाटे होडीतून तिथे उतरल्या होत्या त्याच सरकारच्या हद्दीत त्या घर न बदलता जाऊन पोहोचल्या.